हेल्मेटवरचा कॅमेरा: महीच्या कोतरांतल्या अडीच महिन्यांच्या नोंदी

10 नोव्हेंबर 2024, रविवार

भाचा यंदा पहिल्यांदाच ऑफ-रोड शर्यतीत उतरतोय. मोटरसायकल एक्सपल्स 200, टायर आणि सस्पेन्शन सोडलं तर मूळचीच. सराव बडोद्याबाहेर, सिंधरोटच्या पुढे मही नदीच्या कोतरांत. पावसाने चिरलेल्या मातीच्या घळी, तळाला भुसभुशीत वाळू, काठाला वेडी बाभूळ. आम्ही आखलेला फेरा साडेतीन किलोमीटरचा आहे. त्याला साधारण सात मिनिटं लागतात. बरोबरचा एक मुलगा तसल्याच गाडीवर वीस सेकंद कमी घेतो. ही वीस सेकंदं जातात कुठे, यावरून आमचा दर रविवारी वाद. मी एका वळणावर उभा असतो, मला तीस मीटर दिसतात. बाकीचं सगळं त्याच्या आठवणीवर, आणि दमलेल्या माणसाला लॅप धड आठवत नाही हे मला माझ्या चालवण्याच्या दिवसांपासून माहीत आहे. म्हणून कॅमेरा.

दिवाळीत 4,200 रुपयांना एक स्वस्तातला कॅमेरा घेऊन ठेवला होता. चिकटपट्टीच्या माउंटांचा संच वेगळा, 650 चा. आज तो हेल्मेटच्या डोक्यावर मधोमध लावला. चित्राचा खालचा तिसरा हिस्सा व्हायझरनेच भरला, पुढचं चाक दिसलंच नाही. पण खरी चूक ही नव्हती. तिसऱ्या लॅपला अरुंद घळीतून वर येताना बाभळीची आडवी फांदी आली. रोजच्यासारखा तो मान खाली घालून निघाला. डोकं फांदीखालून गेलं, कॅमेरा गेला नाही. माउंट निघालं नाही आणि तुटलंही नाही. सगळा हिसका मानेवर आला.

"मामा, मागून कुणी केस धरून ओढल्यासारखं झालं," म्हणाला.

सराव तिथेच थांबवला. घरी येईपर्यंत मान आखडली होती.

12 नोव्हेंबर

मान आता बरी आहे. बहिणीने स्वच्छ सांगितलं, "दादा, ते मानेवर परत येणार असेल तर मला तो कॅमेरा नको." तिचं म्हणणं मी या कामाची पहिली अट म्हणून वहीत लिहून ठेवलंय. चित्र कसं येतं हा प्रश्न नंतरचा. फांदीत, तारेत, जमिनीत अडकला तर कॅमेरा सुटून आला पाहिजे. पण खड्ड्याच्या दणक्याने तो सुटता कामा नये. एकच जोड घट्ट हवी आणि कच्चीही हवी, असं हे आहे. आजवर मी नुसता घट्टपणाच बघत होतो.

मग वजनांकडे वळलो. त्याचं हेल्मेट दांडिया बाजारातल्या एका ओळखीच्या सराफाकडे काट्यावर ठेवलं: 1,380 ग्रॅम. मग बाजारातले कॅमेरे: गोप्रो हीरो 12 चं वजन 154 ग्रॅम, डीजेआय ऑस्मो अ‍ॅक्शन 4 चं 145, इन्स्टा360 एक्स4 चं 203 आणि त्याच कंपनीच्या बोटाएवढ्या गो 3एस चं 39. चहूबाजूंचं चित्र घेणारा एक्स4 मला मनापासून आवडला होता, कारण कोन चुकला तरी नंतर दिशा निवडता येते. पण त्याचं भिंग दोन्ही अंगांनी फुगीर, बाहेर आलेलं. बाभळीत ते पहिल्याच दिवशी जाईल. शिवाय त्याला डोक्यापासून लांब दांडीवर धरावं लागतं. दांडी म्हणजे तरफ. बाद केला. गो 3एस हलका आहे आणि मानेचा विचार केला तर सगळ्यांत चांगला, पण त्याची बॅटरी आतच बसवलेली असते. सराव चार तासांचा आणि कोतरांत वीज नाही. पैसे असते तर हाच घेतला असता आणि प्रत्येक फेरीनंतर पॉवर बँकेला लावला असता.

17 नोव्हेंबर, रविवार

हेल्मेटच्या डाव्या अंगाला, कानाच्या वर. फुकट गेलेला दिवस. कॅमेरा शंभरच ग्रॅमचा, तरी एका बाजूला लटकला की मान सारखी तिकडे ओढली जाते. त्याला दुसऱ्याच लॅपला जाणवलं. चित्रात डाव्या कडेला व्हायझरची धार, उजवीकडची लाइन गायब. या स्वस्त कॅमेऱ्यात स्थिरीकरण नावापुरतंच आहे. वाळूतल्या लाटांवर सगळं चित्र जेलीसारखं हलतं. दोन तास बघून डोकं दुखलं, हाती काही लागलं नाही.

24 नोव्हेंबर, रविवार

आज हनुवटीवर. जागा बरोबर आहे, हे पहिल्या मिनिटातच कळलं. डोळे बघतात तेच कॅमेरा बघतो, हँडल आणि पुढचं चाक चित्राच्या तळाशी येतं, आणि फांदीला आडवं जायला उंच काही उरत नाही.

पण दुसऱ्या लॅपला कॅमेरा पडला.

चूक माझी, आणि तीही तिहेरी. एक, मोटोक्रॉस हेल्मेटची हनुवटी सपाट नसते. कोरीव असते, मधे हवेची जाळी असते. सपाट माउंटचे चार कोपरे टेकले होते, मधला भाग अधांतरी होता. दोन, हेल्मेटवर आठवड्यापूर्वीच चकाकीचं पॉलिश मारलं होतं. त्यातल्या सिलिकॉनवर कुठलीही चिकटपट्टी नीट धरत नाही. तीन, पट्टी आज सकाळी निघायच्या आधी तासभर लावली. अशा अ‍ॅक्रिलिक चिकटपट्टीला पूर्ण ताकद यायला 72 तास लागतात. पाकिटावर लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

तीन तास वाळू चाळली. सापडला नाही. 4,200 गेले, वर अर्धा दिवस. कॅमेऱ्याला दोरा बांधला असता तर वाचला असता. दोऱ्याचा विचारही केला नव्हता.

28 नोव्हेंबर

वापरलेला पण चांगल्या जातीचा कॅमेरा घेतला, 16,500 ला. स्थिरीकरण पक्कं असलेला आणि पुढच्या भिंगाची काच हाताने काढून बदलता येणारा. ही काचेची अट मी सोडली नाही. गोप्रोत हीरो 8 ला ती काच वापरणाऱ्याला बदलता येत नाही, हीरो 9 पासून पुन्हा येते. कोतरांतल्या धुळीत काच म्हणजे टायरसारखीच, झिजणारी वस्तू. आणि पुढच्या बाजूलाही पडदा हवा, कारण हनुवटीवरचा कॅमेरा चालू आहे की बंद हे चालवणाऱ्याला दिसत नाही. समोर उभ्या असलेल्या माणसाला तरी दिसलं पाहिजे.

वापरलेला घेणाऱ्यांसाठी: बॅटरी काढून सपाट काचेवर ठेवा. डगमगली तर ती फुगलेली आहे. दाराच्या रबरी कडेत वाळू किंवा चीर आहे का बघा. चार्जिंगच्या भोकात हिरवट गंज आहे का बघा, तो पाण्यात पडल्याची खूण. मग तिथेच उभं राहून वीस मिनिटं सलग रेकॉर्डिंग करा. विकणारा कंटाळतो, कंटाळू द्या. मी पहिल्या ठिकाणी हे केलं तेव्हा बाराव्या मिनिटाला कॅमेरा बंद पडला आणि मी हात जोडून बाहेर आलो.

1 डिसेंबर, रविवार

त्याच्या हेल्मेटच्या मॉडेलसाठी बनवलेला हनुवटीचा पाया मागवला, 1,100 रुपये. महाग वाटला, पण वक्रता तंतोतंत बसते आणि जाळी झाकली जात नाही. जाळी झाकली तर उच्छ्वास वर जाऊन गॉगलवर वाफ धरते. पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. थिनर किंवा पेट्रोल वापरू नका, प्लॅस्टिकचं कवच त्याने कच्चं पडतं आणि ते वरून दिसत नाही. भोकही पाडू नका. गुरुवारी लावला, आज रविवार.

कोन ठरवायची रीत गॅरेजमध्येच सापडली. गाडी स्टँडवर, पुढे चार मीटरवर भिंत. भाचा पूर्ण सामान घालून फूटपेगवर उभा, गुडघे वाकवून, चालवताना असतो तसा. त्याने जिथे नजर लावली तिथे भिंतीवर खडूची खूण केली. ती खूण चित्राच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात येईपर्यंत कॅमेरा वर फिरवला. बसून कोन लावला तर उभं राहिल्यावर नुसती टाकी दिसते, हे आधी दोनदा झालंय. याच वेळी आणखी एक लक्षात आलं. हनुवटी खाली नेली की कॅमेऱ्याचं बूड चेस्ट प्रोटेक्टरला लागतं. उतारावर उडी उतरताना हे होणारच. एक सांधा काढून टाकून कॅमेरा दोन बोटं वर, हेल्मेटच्या जवळ घेतला.

एवढं करून मैदानात पहिल्या लॅपचं चित्र आलं आणि पुढच्या पाच लॅपच्या फाइली उघडेनात. मेमरी कार्ड खोटं होतं. वरती 128 जीबी लिहिलेलं, आत बत्तीसच्या आसपास. त्यापुढचं सगळं हवेत लिहिलं गेलं. 700 रुपये आणि एक रविवार गेला. रात्री दुसऱ्या दुकानातून 1,450 चं कार्ड आणलं आणि वापरायच्या आधी एच2टेस्टडब्ल्यू नावाच्या फुकट प्रोग्रामने काठोकाठ भरून तपासलं. कार्डावर व्ही30 ची खूण असावी, म्हणजे सेकंदाला किमान 30 एमबी लिहिण्याची हमी.

8 डिसेंबर, रविवार

दोन फेऱ्यांच्या मधे कॅमेरा चालूच राहिला आणि हेल्मेट बोनेटवर उन्हात ठेवलं. गरम होऊन बंद. चालत्या गाडीवर वारा त्याला थंड ठेवतो, उभ्या गाडीवर तो तापतो. आता लॅप संपला की बंद, आणि सावलीत. चित्राचा बारकावा कमी केला, 4के 60 वरून 2.7के 60 वर आलो. आम्हाला लाइन बघायची आहे, फिल्म काढायची नाही. वायफाय बंद. एका तासाच्या फाइली निम्म्याने हलक्या झाल्या आणि बॅटरी एक लॅप जास्त टिकली. जादा बॅटऱ्या दोन, 1,800.

भाच्याने हातमोज्याने भिंग पुसलं. महीचा गाळ पिठासारखा मऊ दिसतो, पण त्यात बारीक वाळू असते. काचेवर अर्धचंद्राकृती ओरखडा पडला, उन्हात तो प्रत्येक चित्रात चमकतो. नवी काच 1,300. आता बाटलीतल्या पाण्याने आधी धुवायचं, मग फडकं.

15 डिसेंबर

आज गाडी काढलीच नाही. पूर्ण दिवस गॅरेजमध्ये, त्या पहिल्या अटीवर. या सगळ्या उद्योगात इतरांना उपयोगी पडेल असं एकच काम मी केलं असेल तर ते हे, म्हणून सविस्तर लिहितो.

पाया हेल्मेटला पक्का चिकटलाय. तो सुटणार नाही आणि सुटूही नये. सुटायची जागा पाया आणि कॅमेरा यांच्या मधे हवी. नेहमीचा खटका पोलादी स्क्रूसकट इतका घट्ट असतो की कॅमेऱ्याला दोर बांधून मी पन्नास किलोचा लटकता काटा लावला, 22 किलोपर्यंत ओढला, आणि हेल्मेटच हातातून निसटायला लागलं. बावीस किलो मानेवर, हनुवटीच्या टोकाला. पुढे ओढवेना.

खटका काढला. त्याजागी ड्युअल लॉक लावलं. वेल्क्रोसारखंच, पण दोन्ही अंगांना प्लॅस्टिकच्या बारीक छत्र्या असतात आणि त्या एकमेकींत खट्‌कन बसतात. सरळ दाबाला आणि थरथरीला दाद देत नाही, पण एका कडेकडून उचकलं की सोलल्यासारखं सुटतं. पूर्ण पट्टीवर कॅमेऱ्याच्या टोकाशी ओढलं तर 14 किलोला सुटलं. अर्ध्या पट्टीवर 8 ला. दोन चिंचोळ्या पट्ट्या, मधे जागा सोडून: 6 ते 7 किलो, दहा वेळा ओढून दहाही वेळा त्याच हद्दीत.

हे पुरेल का? कॅमेरा आणि वरचा सांधा मिळून 200 ग्रॅम. उडीनंतरचा दणका वजनाच्या दहापट धरला तरी दोन किलो होतात. म्हणजे दणक्याला तिप्पट शिल्लक, आणि मानेवर सातच्या पुढे काही नाही. मला हे पटलं. बहिणीला काटा हातात देऊन स्वतः ओढायला लावलं. तिने तीनदा ओढून बघितलं आणि मग मान हलवली.

आता हरवायचा प्रश्न. तार किंवा नायलॉनची दोरी लावली तर केलेलं सगळं वाया, कारण कॅमेरा सुटला तरी दोरी धरून ठेवणार. उत्तरायण, म्हणजे इकडची पतंगांची संक्रांत, महिन्यावर आलंय, रावपुऱ्यात दोऱ्याच्या फिरक्या मांडून बसलेत. काच न लावलेला साधा सुती दोरा आणला. एक पदर अडीच किलोला तुटतो, दोन पदर पाचला. दोन पदर, लांबी चार बोटं. त्याहून लांब ठेवला तर सुटलेला कॅमेरा झोका घेऊन गॉगलवर आदळेल. कॅमेऱ्याचं वजन दोरा पेलतो, माणसाचं पेलत नाही.

22 डिसेंबर, रविवार

पाच लॅप, पाचही पूर्ण. सहा आठवड्यांनी पहिल्यांदा बघण्यासारखं काही हाती आलं.

एक खबरदारी आधी. रुंद कोनाच्या चित्रात खडा उतार सपाट दिसतो. बहिणीला दाखवलं तर ती म्हणाली, "यात घाबरण्यासारखं काय आहे?" त्या उतारावर मी उभा राहिलो तर घसरतो. तेव्हा उताराचा अंदाज चित्रावरून बांधू नका, वेळ आणि लाइन तेवढी बघा. आणि सकाळी नऊच्या आधी घळीच्या सावलीत चित्र फराटल्यासारखं येतं. उजेड कमी म्हणून शटर मंद होतो, मग स्थिरीकरणाचा उपयोग नाही.

रात्री आम्ही दोघांनी त्याचा एक लॅप आणि त्या दुसऱ्या मुलाचा एक लॅप (त्यानेही आनंदाने हेल्मेटला पाया लावू दिला) शेजारी शेजारी चालवले. उत्तर चित्रापेक्षा आवाजात जास्त होतं. माइकच्या भोकावर स्पंजचा तुकडा लावल्यापासून वाऱ्याची घरघर गेली आणि इंजिन स्वच्छ ऐकू येतं. तीन उतार आहेत. तिन्ही ठिकाणी कडा यायच्या दोन-अडीच सेकंद आधी भाच्याच्या इंजिनाचा आवाज पडतो. दुसऱ्याचा कड्यावर पडतो. पडल्यावर पुन्हा उचलायलाही भाच्याला वेळ लागतो. तीन उतारांवर मिळून अकरा सेकंद. बाकीची नऊ वाळूच्या तळात तुकड्या-तुकड्याने.

मग चित्र. प्रत्येक कड्याआधी त्याचं क्षितिज चित्रात वर सरकतं आणि पुढचं चाक मधोमध येतं. म्हणजे तो चाकाकडे बघतो.

बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, मला वाटत होतं मी पलीकडे बघतोय."

सहा आठवडे मी त्याच्यावर ओरडत होतो की तू भितोस म्हणून थ्रॉटल सोडतोस. तो भीत नव्हता, त्याला पलीकडचं दिसत नव्हतं. मी चुकीचं बोललो, हे त्याला त्याच रात्री सांगितलं. पुढच्या रविवारपासून तिन्ही कड्यांच्या पलीकडे, जिथे नजर असायला हवी तिथे, काठीला केशरी फडकं बांधायचं.

5 जानेवारी 2025, रविवार

फडक्यांनी सात सेकंद वाचले. पण आजची नोंद वेगळ्याच गोष्टीची.

शर्यतीच्या प्रवेशअर्जाबरोबर पुरवणी नियम आले. हेल्मेटवर कॅमेरा नाही. एफआयएम या मोटरसायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांतच स्पर्धेत हेल्मेटला कॅमेरा लावायला मनाई आहे, आणि आपल्या देशातली मोटर शर्यतींची संघटना एफएमएससीआय तिच्याशी संलग्न आहे. हे नियम मी नोव्हेंबरात वाचायला हवे होते. शर्यतीत वापरायचं म्हणून कॅमेरा निवडत असाल तर पहिलं काम दुकानात जायचं नाही, आयोजकांकडून तांत्रिक तपासणीचे नियम मागवायचं. माझ्या मनात सरावापुरतंच असल्यामुळे पैसे बुडाले नाहीत, पण भाच्याच्या डोक्यात शर्यतीचा व्हिडिओ होता. तो हिरमुसला.

मग छातीवरचा पट्टा आणून बघितला, 900 रुपये. प्रोटेक्टरवरून तो घसरतो, म्हणून एका चांभाराकडून त्याच्या कड्या प्रोटेक्टरच्याच पट्ट्यांना शिवून घेतल्या. उभं राहून चालवताना चित्र उत्तम, दोन्ही हात, क्लच, ब्रेकवरची बोटं, जे हनुवटीवरून दिसत नाही. बसलं की टाकी. सरावात महिन्यातून एकदा हातांचं काम बघायला मी तो वापरेन. शर्यतीत नाही. पुढे फेकला गेला तर हँडल आणि बरगडी यांच्या मधे दीडशे ग्रॅमचा टणक ठोकळा येईल. तिथे मला सुटून येणारी जोड करता आलेली नाही. शर्यतीत कॅमेरा नको, असं ठरवलं. मी वळणावर फोन घेऊन उभा राहीन.

12 जानेवारी, रविवार

सराव नाही. उत्तरायण परवा. सिंधरोटपर्यंतच्या रस्त्यावर मांजा आडवा येतो. गॅरेजमध्ये दिवसभर लोकांच्या स्कूटरींच्या हँडलवर तारेच्या कमानी बसवल्या. तुम्हीही बसवा.

19 जानेवारी, रविवार

भाचा पडला. दुसऱ्या उताराच्या तळाला, वाळूत पुढचं चाक रुतलं आणि तो हँडलवरून तोंडावर गेला. मी पळत पोचलो तेव्हा तो उठून बसला होता. मनगट मुरगळलं. मान वळवून दाखवली, दुखत नव्हती.

कॅमेरा चार मीटरवर वाळूत पडला होता, चालू. पाया हेल्मेटवर जागच्या जागी, दोऱ्याचे दोन्ही पदर तुटलेले. चित्रात वाळू वर येते, मग खट्‌ असा एक आवाज, मग आकाश. तो आवाज मी पुन्हा पुन्हा ऐकला.

हेल्मेट मात्र बाद. पायाच्या डाव्या कडेला कवचात केसाएवढी रेघ दिसते. ती पडल्यामुळे आली की पायाच्या कडेने दाब एका जागी आणला म्हणून, हे मला ठरवता येत नाही. आतला थर्मोकोलसारखा थर एकदा दबला की दबलाच, तो दुसऱ्यांदा वाचवत नाही. बहिणीसमोर हेल्मेटचा पट्टा कापून टाकला, म्हणजे कुणी चुकून घालणार नाही. कॅमेऱ्यापायी आत्तापर्यंत 28,600 झाले होते, त्यावर आता नवं हेल्मेट 6,800.

26 जानेवारी, रविवार

नवं हेल्मेट आलं. हनुवटी जास्त निमुळती, जाळी रुंद, जुन्या मापाचा पाया बसत नाही. कडेला दाब येऊ नये म्हणून यावेळी पायाखाली दोन मिलिमीटरचा मऊ फोम द्यायचा विचार आहे. पण फोमने ड्युअल लॉकचे आकडे बदलतील, काट्यावर सगळं पुन्हा ओढावं लागेल. मनगट बांधलेलं आहे, दोन आठवडे गाडी नाही. तोवर तो रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये येऊन डिसेंबरचे लॅप बघतो, आवाज मोठा करून, आणि इंजिन पडलं की वहीत सेकंद टिपतो.